मन खचलेलं असताना जेवायचं काय आणि कसं: डिप्रेशन, अँक्झायटी आणि रोजचं ताट

घरात कुणाला डिप्रेशन असल्याचं कळलं की सल्ले सुरू होतात ते जेवणापासून. ‘पोटभर जेव, झोप काढ, बरं वाटेल’ हा आजीचा सल्ला. ‘रोज केळं खा, सेरोटोनिन वाढतं’ हा व्हॉट्सअ‍ॅपचा. आणि आहार बदलून गोळ्या सुटल्या असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ तर रोज नवे. आजीच्या सल्ल्यात काही चुकीचं नाही. केळ्याचा सल्ला अर्धवट आहे, आणि तो तिसरा मात्र सरळ धोक्याचा.

केळ्याचं आधी मिटवून टाकू. केळ्यात सेरोटोनिन, म्हणजे मेंदूत मनःस्थितीशी निगडित काम करणारं रसायन, असतं, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. आपल्या शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं, तेही मेंदूत पोचत नाही. केळं भुकेच्या वेळी सोलून लगेच खाता येतं, स्वस्त आहे, पोटाला बरं आहे. खायला तेवढी कारणं पुरेत.

मग आहाराचा आणि मनाचा संबंध आहे की नाही? आहे, पण माफक. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘स्माइल्स’ नावाची चाचणी प्रसिद्ध केली. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेले आणि खाणंपिणंही यथातथाच असलेले ६७ जण त्यात होते. एका गटाला १२ आठवड्यांत सात वेळा आहारतज्ज्ञाने मार्गदर्शन केलं. दुसऱ्या गटाशी कुणीतरी तेवढाच वेळ बसून गप्पा मारल्या, पत्ते खेळले. शेवटी आहाराच्या गटात सुमारे ३२ टक्के लोकांचं डिप्रेशन ओसरलं होतं, दुसऱ्या गटात ८ टक्के. आकडा भुरळ घालणारा आहे. पण माणसं मोजकी होती, आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि बहुतेकांचे नेहमीचे उपचार चालूच होते. त्यानंतर २०१९ मध्ये युरोपातल्या चार देशांतली ‘मूडफूड’ चाचणी आली. वजन जास्त आणि मन थोडं उतरलेलं असे १,०२५ लोक, वर्षभर पूरक गोळ्या किंवा आहाराबाबत समुपदेशन. डिप्रेशन टाळायला दोन्हींचा उपयोग झाला नाही. अँक्झायटीबद्दलचा पुरावा तर याहूनही विरळ आहे.

हे सगळं समोर ठेवून मला जे पटतं ते असं: आहार हा उपचारांच्या शेजारी बसतो, त्यांच्या जागी नाही. आणि ज्याचं मन खचलंय त्याला आदर्श ताटाचा तक्ता देऊन काही साधत नाही, कारण डिप्रेशन सगळ्यात आधी हिरावून घेतं ती स्वयंपाकाची, बाजारहाटाची, कधीकधी तर घास उचलायची ताकद. म्हणून हा लेख चांगल्या दिवसापासून सुरू होत नाही. सगळ्यात वाईट दिवसापासून सुरू होतो.

पायरी १: आधी कुठे आहोत ते बघा

भूक मरणं किंवा भलतीच वाढणं हे डिप्रेशनचं स्वतःचंच एक लक्षण आहे. त्यामुळे ‘नीट जेवत नाही म्हणून मन खचलंय’ की ‘मन खचलंय म्हणून जेवत नाही’ हे घरबसल्या ठरवायला जाऊ नका. बहुधा दोन्ही एकमेकांना खेचत असतात.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. झोप, थकवा, भूक, एकाग्रता सगळं त्यात येतं. बेरीज १० किंवा जास्त झाली तर डॉक्टरांना दाखवायचंच. प्रश्नावलीवरून निदान होत नाही, पण डॉक्टरांशी बोलायला कागद हातात असला की बरं पडतं, ‘काय होतंय?’ या प्रश्नावर गळा दाटून येतो तेव्हा कागदच पुढे करता येतो.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ याखेरीज काहीही असलं, तर आहाराचा विचार बाजूला ठेवा आणि आजच कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतही चालते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. तिथे गेलं म्हणजे माणूस ‘वेडा’ ठरतो ही समजूत आता तरी सोडूया.

आणखी काही गोष्टींसाठी थांबायचं नाही: तीन-चार दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलेलं नाही, महिन्याभरात प्रयत्न न करता वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलंय, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलो, खाऊन मुद्दाम उलट्या काढणं, किंवा झोप नसतानाही अंगात भलताच उत्साह संचारणं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवू घालणंही धोक्याचं असतं, ते डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावं.

पायरी २: रक्ततपासणी

काही कमतरता आणि काही आजार अगदी डिप्रेशन किंवा अँक्झायटीसारखे दिसतात. ते पकडले जातात ते रक्तातच, म्हणून आहाराचा तक्ता करण्याआधी डॉक्टरांना या तपासण्यांबद्दल विचारा: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, आणि गरज वाटली तर ड जीवनसत्त्व. थायरॉइड मंदावलं की मरगळ, वजनवाढ, बद्धकोष्ठ, रडू. वाढलं की धडधड, घाम, हात कापणं. रुग्ण महिनोन्‌महिने ‘टेन्शन घेऊ नकोस’ ऐकत राहतो आणि दोष गळ्यातल्या ग्रंथीचा असतो.

बी-१२ वर जरा थांबायला हवं, कारण हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं होतं. ते मिळतं फक्त प्राणिजन्य पदार्थांतून: दूध, दही, अंडी, मासे, मटण. चहात घातलेल्या दोन चमचे दुधावर ‘आम्ही दूध घेतो’ म्हणणाऱ्यांची बेरीज पुरी पडत नाही. इडली आंबवलेली असते, स्पिरुलिना हिरवी असते, म्हणून त्यांतून बी-१२ मिळतं हा समज खरा नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी कमी होतं. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड, जिभेची आग अशी लक्षणं असतील तर हिमोग्लोबिन चांगलं आलंय म्हणून गाफील राहू नका. आणि बी-१२ न तपासता नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेऊ नका: रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. बी-१२ खूपच कमी असेल तर ते आहाराने भरून निघत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शनंच घ्यावी लागतात.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. सतत थकवा, धाप, कशातच लक्ष नाही, हे सगळं रक्तक्षयातही होतं. ‘आळशी झालीस’ म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघा.

पायरी ३: आठवडाभर नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. जुन्या वहीच्या मागच्या पानावर किंवा मोबाइलवर स्वतःलाच मेसेज करून चार गोष्टी टिपा: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, चहा-कॉफी किती वेळा, आणि त्यानंतर तासाभराने कसं वाटत होतं. कॅलरी मोजू नका. ज्यांना पूर्वी खाण्यावरून स्वतःला छळायची सवय होती, त्यांनी तर ही वहीसुद्धा ठेवू नये, ही पायरी सोडून पुढे जावं.

आठवड्याने पान वाचलं की बऱ्याचदा असं काहीतरी दिसतं: सकाळी सातला चहा, नऊला चहा आणि दोन खारी, अकराला चहा, जेवण तीनला, तेही चार घास, सहाला चहा आणि फरसाण, रात्री साडेदहाला मिळेल ते. यात ब्लूबेरी नाहीत हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो दुपारी तीनपर्यंत पोटात साखर, मैदा आणि कॅफीन यांखेरीज काहीच न गेल्याचा.

अँक्झायटी असलेल्यांनी नोंदीत एक गोष्ट जरूर शोधावी. धडधड, थरथर, घाम, गरगरणं ही घाबरण्याची लक्षणं, आणि फार वेळ उपाशी राहिल्याचीही. साडेअकराला ऑफिसात घाबरण्याचा ‘अटॅक’ येतो आणि त्याआधी पोटात फक्त चहा असतो, असं दोन-तीनदा दिसलं तर डबा दहाला उघडून बघायला हरकत नाही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र अशा वेळी आधी ग्लुकोमीटरवर साखर बघावी. पहिल्यांदाच छातीत दुखून धडधड झाली तर ती अँक्झायटी आहे असं स्वतःच ठरवू नये.

पायरी ४: आधी वेळ, मग पदार्थ

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पाडणारी पायरी हीच. काय खायचं ते नंतर बघू. आधी दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, काहीतरी पोटात जाऊ द्या. उठल्यावर तासा-दीड तासात पहिलं खाणं. भूक लागायची वाट बघायची नाही, कारण डिप्रेशनमध्ये भुकेची घंटा वाजतच नाही. मोबाइलला गजर लावा: साडेआठ, दीड, साडेआठ.

आता ताकदीप्रमाणे तीन प्रकारचे दिवस धरा.

अंथरुणातून उठवतच नाही असा दिवस. याची तयारी बऱ्या दिवशी, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी, करून ठेवायची. उशाजवळ किंवा हाताशी येईल अशा फळीवर एक डबा: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर. शेजारी पाण्याची बाटली, भरलेली. दोन मुठी दाणे-फुटाणे आणि गूळ म्हणजे जेवण नव्हे, पण त्यात दहा-बारा ग्रॅम प्रथिनं जातात आणि शरीर उपाशी राहत नाही. ताट नको, चमचा नको, भांडी घासायची नकोत. या दिवशी तेवढंच पुरे, आणि ते खाल्लं याबद्दल स्वतःला नावं ठेवायची नाहीत.

उठवतंय पण गॅस पेटवायचं जिवावर येतं असा दिवस. दूध आणि सातूचं पीठ, गूळ घालून कालवलेलं. दहीपोहे: पातळ पोहे, दही, मीठ, वरून शेंगदाण्याचं कूट. ताक. केळं आणि दूध. सकाळच्या भातावर मेतकूट आणि तूप. कुणी आणून देणार असेल तर उकडलेली अंडी. चार एकदम उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवली की दोन-तीन दिवस चालतात. घास गिळवत नसेल तर नाचणीची आंबील किंवा भाताची पेज पिता येते. कोकणात आणि गोव्यात आजारी माणसाला पेज देतात ते उगाच नाही.

थोडी ताकद आहे असा दिवस. एकच भांडं, कुकर. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, धुऊन चार वाट्या पाणी, हळद, मीठ, मूठभर शेंगदाणे आणि घरात असेल ती भाजी: दुधीच्या फोडी, पालक, गाजर. चार शिट्ट्या. वर चमचाभर तूप, सोबत दही किंवा लिंबू. फोडणी देता आली तर द्या, नाही दिली तरी चालतं. ही खिचडी दोन वेळांना पुरते, उरलेली गार झाली की फ्रिजमध्ये. मोड आलेली मटकी बाजारात तयार मिळते, ती याच कुकरमध्ये ढकला.

एकटं राहणाऱ्यांसाठी डबा लावणं ही चैन नाही. औषधांच्या खर्चात धरावा असा तो खर्च आहे.

पायरी ५: ताटातले बदल, एका वेळी एक

दोन-तीन आठवडे वेळ जमली की मग ताटाकडे वळा. ‘स्माइल्स’मधला आहार भूमध्यसागरी धाटणीचा होता: अख्खी धान्यं, भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, रोज मूठभर दाणे, आठवड्यातून दोनदा तरी मासे, थोडं मांस, अंडी, ऑलिव्ह तेल, आणि मिठाया, तळण, मैद्याचे पदार्थ, पॅकेटातलं खाणं अगदी कमी. ही यादी वाचून ऑलिव्ह तेल आणि साल्मन आणायला धावू नका. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, उसळी आहेत, मेथी-शेपू-चाकवत-अंबाडी आहे, शेंगदाणे आहेत, बांगडे आहेत. हाच आहार पिठलं-भाकरीच्या घरात बसवता येतो, आणि ब्रेड-बिस्किटांच्या घरापेक्षा स्वस्तातही पडतो. त्या चाचणीतही नव्या आहाराचा आठवड्याचा खर्च लोकांच्या जुन्या खर्चापेक्षा कमीच निघाला होता.

पहिला बदल प्रथिनांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात; ५५ किलोच्या बाईला साधारण ४५ ग्रॅम. घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅम, एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर दाणे सात-आठ. हिशेब करून बघा. पोहे-चहा, वरणाचं पाणी-भात आणि रात्री बटाट्याची भाजी-पोळी अशा दिवसात तो जेमतेम अर्ध्यावर येतो. म्हणून वरण पातळ नको, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं, मासा यांपैकी एक हवंच.

दुसरा बदल पिठाचा. मैदा आणि पांढरा पाव रोजच्या खाण्यातून काढून आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळेवर आणा. भाकरी थापता येत नाही म्हणून अडून बसू नका, भाजणीचं थालीपीठ पोळपाटावरही लागतं.

तिसरा, भाज्यांचा. आठवड्यातून चार वेळा पालेभाजी, रोज एक कोशिंबीर किंवा नुसती चिरलेली काकडी-गाजर, एक-दोन मोसमी फळं. पेरू, पपई, बोरं, जांभळं; महाग काही नको. आतड्यातल्या जिवाणूंचा आणि मेंदूचा संवाद चालतो, व्हेगस नावाची नस त्यातला एक मार्ग आहे, आणि त्या जिवाणूंचं खाद्य म्हणजे चोथा. यातून डिप्रेशन बरं होतं असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. औषधांनी होणारी बद्धकोष्ठता मात्र चोथ्याने आणि पाण्याने नक्की हलकी होते, आणि रुग्णाच्या दृष्टीने तेही काही कमी नाही. अँक्झायटीत पोट बिघडलेलं असेल, सारखं जुलाब-गुडगुड होत असेल, तर कडधान्यं एकदम वाढवू नका. मुगापासून सुरुवात करा, हरभरा-वाटाणा नंतर.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. ओमेगा-३ साठी महागडी सुरमईच हवी असं नाही. हे तेलकट, स्वस्त मासेच त्यात वरचढ आहेत. तळण्यापेक्षा तिखलं किंवा कालवण करा. शाकाहारी लोकांनी जवसाची चटणी रोज चमचा-दोन चमचे खावी. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं, शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या जातीत बदलतं, त्यामुळे जवस म्हणजे मासाच असं म्हणता येणार नाही. कारळ्याची चटणी चवीला खा, ओमेगा-३ साठी नाही.

आणि वडापाव? खा की. आठवड्यातून एकदा, मित्रासोबत, उभ्याने. त्या दहा मिनिटांत माणूस घराबाहेर पडतो, कुणाशी तरी बोलतो. पॅकेटबंद, फॅक्टरीत बनलेल्या पदार्थांचा आणि अँक्झायटी-डिप्रेशनचा संबंध अनेक पाहण्यांत दिसलाय, २०२४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा मोठा आढावाही छापला. पण पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. मन खचलेला माणूसच जास्त चिप्स खातो, हेही तितकंच खरं. तेव्हा बिस्किटाचा पुडा संपवल्याचं पाप लावून घेऊ नका, फक्त तो घरात कमी आणा.

पायरी ६: चहा, कॉफी, दारू, तंबाखू

अँक्झायटी असलेल्यांनी ताट बदलायच्या आधी कप बघावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको म्हटलंय. १५० मिलिलिटरच्या कपात चहातून ३० ते ६५, झटपट कॉफीतून ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम जातं. आपला उकळून उकळून कडक केलेला चहा पाच-सहा कप झाला की हद्द गाठली. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकतं. पॅनिक डिसऑर्डर (अचानक प्रचंड भीतीचे झटके येण्याचा आजार) असलेल्यांना ४०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन एकदम दिल्यावर सुमारे निम्म्यांना असा झटका आल्याचं अभ्यासांत दिसलंय. शिवाय ते निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अजून अंगात असतो.

एकदम सोडू नका, डोकं दुखेल आणि चिडचिड होईल. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी. दुपारी दोननंतरचे कप आधी काढा, मग उरलेल्यांत पावडर कमी. चहा जेवणाला लागून नको, आधी-नंतर तासाभराचं अंतर ठेवा, नाहीतर पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह शरीराला कमी मिळतं. जेवताना लिंबू पिळलं की तेच लोह जास्त मिळतं.

दारूने झोप लागते हे खरं, टिकत नाही हेही खरं. पहाटे तीनला जाग, धडधड आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट उदासी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या अँक्झायटीच्या, झोपेच्या गोळ्यांसोबत दारू म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका. इथे ‘थोडीशी’ चालत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरांना सांगून करा. तंबाखू, मिश्री, सिगरेट ‘टेन्शन घालवते’ असं वाटतं, कारण मागच्या चिमटीनंतर सुरू झालेली तलफच ती घालवते.

पायरी ७: उपास

संकष्टी, एकादश्या, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपासाचं आपल्या घरांतलं स्वरूप म्हणजे सकाळपासून चहावर चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री वेफर्स. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यातल्या शेंगदाण्याच्या कुटाने थोडी लाज राखली जाते. बरं वाटत असेल आणि उपास मनाला आधार देत असेल तर सोडा असं मी म्हणणार नाही. भगर-दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, फळं घ्या, चहा दोनच कप. पण भूक आधीच मेलेली असताना, वजन उतरत असताना किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना उपास नको. लिथियम (बायपोलर आजारात देतात ते औषध) घेणाऱ्यांनी निर्जळी उपास किंवा पाण्याशिवायचा रोजा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं. त्यांनी मीठही अचानक कमी-जास्त करू नये.

पायरी ८: गोळ्या आणि जेवण

एस्सिटॅलोप्रामसारख्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी सुरुवातीला मळमळतं. जेवणानंतर घेतल्या तर त्रास कमी, आणि बहुतेकांचा तो आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. लुरासिडोन हे मनोविकारांवरचं औषध मात्र उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही, ते जेवणासोबतच. दोन बिस्किटं म्हणजे जेवण नाही. फ्लुव्होक्सामीन हे डिप्रेशन-अँक्झायटीत देतात ते औषध चालू असेल तर चहा-कॉफी अंगात फार वेळ रेंगाळते, पूर्वीचेच दोन कप आता चारासारखे लागू शकतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहाआधी अर्धा-एक तास. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी.

मिर्टाझापीन, ओलान्झापीन या मनाच्या आजारांवरच्या औषधांनी भूक आणि वजन वाढतं. वजन वाढलं म्हणून स्वतःच गोळी बंद करणारे खूप असतात. तसं करण्याआधी डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

पूरक गोळ्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,३५३ लोकांना पाच वर्षांहून जास्त काळ रोज ड जीवनसत्त्व किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन बघितली. डिप्रेशनच्या बाबतीत फरक पडला नाही. कमतरता असेल तर ती भरून काढा. पण आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची पुडी चुकून रोज घेतली, तर कॅल्शियम वाढून उलट मरगळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण येतं. अश्वगंधा ‘नैसर्गिक’ आहे म्हणून गोळ्यांच्या जोडीने सुरू करू नका. ती गुंगी वाढवू शकते, थायरॉइडवर परिणाम करू शकते, आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणंही नोंदली गेली आहेत. जे काही घेत असाल, काढ्यासकट, ते डॉक्टरांना सांगा.

पायरी ९: घरच्यांनी काय करायचं

‘जेवलास का?’ हा प्रश्न दिवसातून पाचदा विचारला की त्याची उलटतपासणी होते. त्यापेक्षा ताट वाढून समोर ठेवा आणि स्वतःही शेजारी जेवायला बसा. वाढताना कमी वाढा. भरलेलं ताट बघूनच भूक जाते. ‘काय करू?’ असं न विचारता ‘पोहे की उपमा?’ एवढेच दोन पर्याय द्या. ‘तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू...’ हे वाक्य गिळून टाका. आणि घरातली अन्नपूर्णाच आजारी असेल, तर ‘आई, तू आराम कर’ म्हणून भागत नाही. कुकर दुसऱ्याने लावायला हवा, तोही तिला डाळ कुठल्या डब्यात आहे हे न विचारता.

पायरी १०: दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी

आहाराचा परिणाम बघायला १२ आठवडे द्या; ‘स्माइल्स’ चाचणीही तेवढ्याच काळाची होती. दर चार आठवड्यांनी पीएचक्यू-९ पुन्हा भरा, वजन महिन्यातून एकदा, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी होतं तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी. गुण तसेच राहिले किंवा वाढले तर आणखी कडक पथ्य करत बसू नका. औषधाची मात्रा, समुपदेशन, झोप याबद्दल बोलायची ती वेळ. गुण उतरले असतील तरी गोळी स्वतःहून थांबवू नका. ‘बरं वाटतंय, किती दिवस चालू ठेवायची आणि कमी कशी करायची?’ हा प्रश्न वहीत लिहून घ्या आणि पुढच्या भेटीत, खाण्याच्या नोंदीचं पान दाखवतानाच, विचारा.